पाठुंगळी घेतलेला माणूस आणि कथाकार

एका माणसाने दुसऱ्याला उचलून नेणे हा कथासाहित्यातील फार जुना प्रसंग असला, तरी तो लिहिताना बहुतेक लेखक दोन क्रियापदांवर भागवतात. नायक जखमी सोबत्याला उचलतो आणि पुढच्याच वाक्यात सुरक्षित स्थळी पोहोचतो. मधल्या वाटेत कोणाचा हात कोठे होता, भार कोणत्या अंगावर होता आणि त्या अवस्थेत वाहणाऱ्याला काय दिसत, ऐकू येत किंवा जाणवत होते, याचा विचार ज्या थोड्या लेखकांनी केला, त्यांच्या हाती उचलण्याची पद्धत हीच निवेदनाची पद्धत झालेली आढळते.

वाहून नेण्याच्या पद्धतींत मुख्य भेद पडतो तो नेला जाणारा शुद्धीवर आहे की नाही यावरून. शुद्धीवरचा माणूस पाठुंगळी बसला की गळ्याभोवती हात टाकतो, पायांनी कंबर आवळतो, आणि त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, वाहणाऱ्याच्या पाठीलगत राहतो. बेशुद्ध माणसाचे वजन वाढलेले नसते, परंतु त्याची मान लोंबते, हात निसटतात आणि तो स्वतःला सावरत नाही, म्हणून तो अधिक जड भासतो. अशा माणसाला आडवे खांद्यावर घेऊन एकाच हाताने त्याचा पाय व मनगट धरण्याची रीत अग्निशमन दलाच्या जवानांच्या नावाने ओळखली जाते. तीत वाहणाऱ्याचा दुसरा हात मोकळा राहतो, मात्र नेल्या जाणाऱ्याच्या छाती-पोटावर दाब येतो.

व्हिक्टर ह्यूगोच्या 1862 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीत ज्याँ व्हालज्याँ बेशुद्ध मारियुसला पाठीवर घेऊन पॅरिसच्या भुयारी गटारांतून नेतो, तो भाग या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. मारियुसचे दोन्ही हात व्हालज्याँच्या गळ्याभोवती आणलेले आहेत, व्हालज्याँ एका हाताने ते धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने अंधारात भिंत चाचपतो. रक्ताने माखलेला गाल त्याच्या गालाला चिकटतो, आणि मारियुस जिवंत आहे हे त्याला कळते ते कानाजवळ जाणवणाऱ्या दमट उबेवरून. पुढे गटाराचा तळ खचून झालेल्या चिखलाच्या खड्ड्यात तो रुततो, तेव्हा पाठुंगळी नेणे अशक्य होऊन तो मारियुसला दोन्ही हातांनी वर उचलून धरतो आणि श्वासापुरते तोंड वर ठेवून चालत राहतो. धरण्याची रीत बदलली की संकटाची पायरी बदलते, आणि हे बळ वाचकाला पटते, कारण गाडीखाली सापडलेल्या म्हाताऱ्यासाठी व्हालज्याँने ती गाडी पाठीने उचलल्याचे ह्यूगोने फार आधी सांगून ठेवलेले असते.

1955 साली आलेल्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या कादंबरीत टोल्किनने उलटी वाट धरली आहे. सॅम आपल्या सोबत्याला, शुद्धीवर असलेल्या फ्रोडोला, पाठुंगळी घेतो, त्याचे पाय आपल्या काखांखाली घट्ट धरतो, आणि ओझे अपेक्षेहून हलके लागल्याने चकित होतो. फ्रोडो किती खंगला आहे, याची एक शक्य खूण अशा रीतीने सॅमच्या पाठीलाच मिळते. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आलेल्या आणि मराठी वाचकांना ‘वेताळपंचविशी’ म्हणून परिचित असलेल्या कथांत राजा प्रेत खांद्यावर घेतो, पण त्याच्या थकव्याला तेथे फारसे स्थान नाही. त्या प्रेतात शिरून खांद्यावरून बोलणारा वेताळ आणि मौन पाळू पाहणारा राजा एवढी जवळीक गोष्ट सांगण्यास पुरते.

या तिन्ही ठिकाणी नेणाऱ्याला नेल्या जाणाऱ्याचा चेहरा नीट दिसत नाही, आणि ती उणीव स्पर्श, वजन किंवा आवाज भरून काढतो. व्हालज्याँने मारियुसला आडवे खांद्यावर टाकून नेले असते, तर त्याचा हात भिंत चाचपण्यास मोकळा राहिला असता, परंतु श्वासाची खूण त्याच्या कानापर्यंत पोहोचली नसती, आणि मारियुस जिवंत आहे हे सांगण्यासाठी निवेदकाला स्वतंत्रपणे मध्ये पडावे लागले असते.