आगगाडी, पूल आणि न हसणारा माणूस

श्रोतेहो, विनोदी चित्रपटातला नट आपल्याला वर्षानुवर्षे आठवतो. तो जिथे धडपडला ती जागा मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. आज त्या जागेविषयीच बोलायचे आहे.

बस्टर कीटन हा अमेरिकन मूकपटांतला मोठा विनोदी नट. काहीही होवो, त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. त्याचा ‘द जनरल’ हा चित्रपट १९२६ सालचा. हा ‘जनरल’ म्हणजे कुणी सेनापती नव्हे बरं का, ते एका इंजिनाचे नाव!

मूळ हकिकत खरी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १२ एप्रिल १८६२ रोजी, जॉर्जिया राज्यातल्या बिग शँटी स्थानकात गाडी न्याहारीसाठी थांबली होती. साध्या वेषात आलेल्या उत्तरेच्या सैनिकांनी तिचे इंजिन पळवले. गाडीचा कंडक्टर आधी चक्क पायी त्याच्यामागे धावला! पुढे इंजिन सापडले आणि पळवणाऱ्यांपैकी आठ जण फासावर गेले.

कीटनला हे चित्रण मूळ जागी, मूळ इंजिनासह करायचे होते. पण त्या प्रसंगाचा विनोद होणार असे कळताच रेल्वेवाल्यांनी इंजिन द्यायला नकार दिला. मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑरेगन राज्यात, त्याला कॉटेज ग्रोव्ह हे गाव सापडले. झाडांनी भरलेले डोंगर, राउ नावाची नदी आणि ओंडके वाहणारी रेल्वे. जुन्या काळचा देखावा तिथे आयता मिळाला. गावातच त्याने दक्षिणेतले मॅरिएटा गाव उभे केले. सैनिक म्हणून ऑरेगनच्या नॅशनल गार्डची माणसे घेतली. तीच माणसे एकदा निळ्या गणवेशात उत्तरेची व्हायची, एकदा करड्या गणवेशात दक्षिणेची!

कीटन चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसतो आणि हातातला स्लीपर फेकून रुळावर आडवा पडलेला दुसरा स्लीपर उडवतो. नेम चुकता तर? प्रेयसीने झिडकारल्यावर तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न बसतो. इंजिन चालू होते, दांड्याबरोबर तो वरखाली होतो, आणि याला पत्ताच नाही! चाके जागच्या जागी जोरात फिरली असती, तर जिवावरच बेतले असते. इंजिन खरे, त्याचे वजन खरे. म्हणूनच त्याच्यापुढे हा इवलासा माणूस आपल्याला हसवतो.

या खरेपणाची किंमतही पडली. लाकडावर चालणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनी रानाला आगी लागल्या. चित्रण थांबवून माणसे आग विझवायला धावली. २३ जुलै १९२६ रोजी, कल्प क्रीकजवळ, या चित्रणासाठी बांधलेल्या लाकडी पुलावरून एक खरेखुरे इंजिन नदीत कोसळवले. हजारो लोक बघायला जमले होते. पूल एकच, इंजिन एकच. पुन्हा घ्यायची सोय नाही. त्या एका दृश्याला सुमारे ४२,००० डॉलर लागले असे सांगतात.

एवढे करून चित्रपट चालला नाही. टीकाकारांना त्यात विनोदच दिसेना. १९२८ साली कीटन एका बड्या कंपनीच्या नोकरीत गेला आणि मनासारखे चित्रपट काढण्याचे त्याचे स्वातंत्र्य संपले. १९८९ साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची पहिली यादी केली, तेव्हा तिच्यातल्या २५ चित्रपटांत ‘द जनरल’ होता. कीटन त्याआधीच, १९६६ साली, निवर्तला होता.

नदीत पडलेले ते इंजिन बरीच वर्षे तिथेच होते. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली तेव्हा ते काढून नेले. रूळही पुढे उखडले गेले. आज त्या वाटेने लोक पायी आणि सायकलीवरून फिरतात. खरे ‘जनरल’ इंजिन मात्र आपल्या जुन्या जागी, म्हणजे बिग शँटीला, ज्याला आता केनेसॉ म्हणतात, संग्रहालयात उभे आहे.

श्रोतेहो, ‘द जनरल’ पाहण्याचा योग आला, तर हसता हसता एकदा त्या नटाच्या मागेही पाहा. ते डोंगर आणि ती नदी रंगवलेली नाही.