न भेटलेल्यांचें सुतक

आमच्या घरांत सुतकाचे नियम ठरलेले होते. भाऊबंदांपैकीं कोणी गेला तर दहा दिवस. दूरचा असला तर तीन दिवस. आणि फारच लांबचा सोयरा असला तर वार्ता कानीं पडतांच डोक्यावरून पाणी घेऊन मनुष्य मोकळा होई. ज्याच्याशीं कसलेंच नातें नाहीं, त्याचें सुतक धरावें असें कोणतेंही शास्त्र सांगत नाहीं. तथापि ज्यांस आपण कधीं भेटलों नाहीं, ज्यांच्या कानावर आपलें नांवही गेलें नव्हतें, अशा एखाद्या थोर किंवा लोकप्रिय व्यक्तीच्या मृत्यूची बातमी येतांच आपला कंठ दाटून येतो, त्या दिवशीं अन्न गोड लागत नाहीं, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस आला असेल. हा शोक खरा कीं केवळ देखाव्याचा, आणि खरा असेल तर तो आपणांकडून कांहीं मागतो कीं नाहीं, ह्याचा आज आपण थोडा विचार करूं.

हा प्रकार आजकालचा नव्हे. ता. १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस सरदारगृहांत लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हां भर पावसांत लक्षावधि लोक त्यांच्या अंत्ययात्रेंत चालले आणि चौपाटीच्या वाळूंत त्यांच्या देहास अग्नि दिला गेला. आमच्या जिल्ह्यांतील वणीचे लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे निकटचे अनुयायी. त्यांनीं पुढें आपल्या गुरूचें चरित्र संस्कृत काव्यांत गाइलें, आणि त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ ग्रंथास, अणे ह्यांच्या निधनानंतर, १९७३ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ज्यांनीं सहवास अनुभवला त्यांचा शोक सहज समजतो. परंतु चौपाटीवर भिजत उभ्या राहिलेल्या त्या गिरणीकामगारांचें आणि हमालांचें काय? त्यांतील पुष्कळांनीं टिळकांस फार तर एखाद्या सभेंत दुरून पाहिलें असेल. तरीही आपल्या घरचें माणूस गेलें, असेंच त्यांस वाटलें.

ता. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळीं दिल्लीस महात्मा गांधींची हत्या झाली. त्याच रात्रीं पंडित नेहरूंचा आवाज आकाशवाणीवरून देशभर गेला. पूर्वी मरणवार्ता माणसाच्या पायांनीं किंवा टपालाच्या थैलींतून येत असे; रेडिओमुळें लक्षावधि घरांत ती एकाच घटकेस शिरली. सेवाग्राम आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतलें. आमच्या आजीच्या तोंडून मीं लहानपणीं ऐकलें आहे, कीं दुसऱ्या दिवशीं आमच्या घरीं चूल पेटली नाहीं. आपल्याकडे चूल न पेटणें ह्याला विशेष अर्थ आहे. ज्या घरांत मृत्यु होतो त्या घरचीच चूल विझते. शेजारी भाकरी आणून देतात. ज्यांच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटली नाहीं, त्यांनीं एकही शब्द न उच्चारतां ‘हा आमच्या घरचा मृत्यु’ असें सांगून टाकलें.

परंतु त्याच दिवसांची दुसरी बाजूही लपवूं नये. त्या शोकाचा संताप होऊन महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं निरपराध ब्राह्मण कुटुंबांचीं घरें जाळण्यांत आलीं. ज्यानें जन्मभर अहिंसा शिकविली, त्याच्याच नांवानें हातीं पलिते घेतले गेले. ह्याच्या उलट १९५६ सालचें उदाहरण पाहा. ता. ६ डिसेंबर रोजीं दिल्लींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें महापरिनिर्वाण झालें. दुसऱ्या दिवशीं मुंबईस दादरच्या समुद्रकाठीं अंत्यसंस्कार झाले, तेव्हां जमलेल्या अफाट जनसमुदायांतील हजारों लोकांनीं चितेच्या साक्षीनें तेथेंच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. रडून घरीं न जातां, गेलेल्या माणसाचें अपुरें राहिलेलें काम त्यांनीं तेथल्या तेथें आपल्या अंगावर घेतलें. आजही दर डिसेंबरांत आमच्या जिल्ह्यांतून माणसें रात्रभर प्रवास करून चैत्यभूमीस जातात. बाबासाहेब गेले तेव्हां त्यांतील बहुतेक जन्मलेही नव्हते. शोक खरा कीं खोटा हें अश्रूंवरून ठरत नाहीं. अश्रु पुसल्यावर हात कोणत्या कामास लागतात, ह्यावरून तें ठरतें.

आतां एक घरगुती गोष्ट सांगतों. तींत माझें कौतुक होण्यासारखें कांहीं नाहीं.

ता. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळीं मुंबईच्या रुग्णालयांत लता मंगेशकर ह्यांचें वयाच्या ९२ व्या वर्षीं निधन झालें. देशांत दोन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला आणि त्याच सायंकाळीं शिवाजी पार्कवर शासकीय इतमामानें त्यांच्या देहास अग्नि दिला गेला. दिवसभर त्यांचींच गाणीं ऐकूं येत होतीं. मी शाळामास्तर म्हणून हयात घालविलेला, साठी ओलांडलेला मनुष्य. परंतु दुपारीं एका गाण्याच्या वेळीं मला हुंदका आवरेना. माझी वडील बहीण त्या दिवशीं आमच्याकडे होती. ती कांहीं वेळ पाहत राहिली व म्हणाली, “माय गेली तवा तुह्या डोयांत पानी नोतं, अन् आज या बाईसाठी रडून राह्यला!”

तें बोलणें मला लागलें, कारण तें खरें होतें. आई गेली तेव्हां मी थोरला मुलगा म्हणून लांकडांची व्यवस्था, सोयऱ्यांस निरोप, तेराव्याचें धान्य ह्यांतच गुंतलों होतों. कामें संपलीं तोंवर रडण्याची वेळ टळून गेली होती. मग हे अश्रु त्या दिवशीं कोठून आले? विचार करूं लागलों तेव्हां मला आमचें जुनें स्वयंपाकघर दिसूं लागलें. एका सालीं कपाशी बरी पिकली म्हणून वडिलांनीं रेडिओ आणला होता. संध्याकाळीं आई भाकरी थापीत असे, आणि आवडतें गाणें लागलें कीं पीठ लागलेल्या बोटांनींच ती रेडिओची कळ फिरवून आवाज वाढवी. त्या कळीवर ज्वारीच्या पिठाचा पांढरा थर कायमचा बसला होता. मीं हें बहिणीस सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग पदरानें डोळे पुसूं लागली. त्या दुपारीं आम्हीं दोघां भावंडांनीं आईचें राहिलेलें सुतक पाळलें, असें मी समजतों.

ज्यांना आपण भेटलों नाहीं ते खरोखर परके नसतात. जो आवाज वर्षानुवर्षें रोज संध्याकाळीं घरांत येतो, त्याला आपल्या घरच्या सुखदुःखाच्या कहाण्या आपोआप चिकटतात. तो आवाज गेला कीं त्या सर्व आठवणी एकदम हलतात. त्याखेरीज ऋणही असतेंच. ज्या बाईनें आमच्या आईच्या कष्टाच्या संध्याकाळी हलक्या केल्या, तिच्यासाठीं दोन अश्रु आले तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. येथवर माझें मन मला निर्दोष ठरवून बसलें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वृत्तपत्र आलें. पानोपानीं त्याच निधनाचा मजकूर व छायाचित्रें होतीं. आंतल्या एका पानावर चार ओळींची बातमी होती: जवळच्या एका गांवीं कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या. नांव ओळखीचें वाटलें. तो माझाच विद्यार्थी होता. मीं त्याला पाढे शिकविले होते. त्याच्या शेतांत बसून हुरडा खाल्ला होता. ‘अरेरे’ म्हटलें आणि पान उलटलें.

श्रोतेहो, जिला मी कधीं भेटलों नाहीं तिच्यासाठीं हुंदका आला. आणि ज्याचा हात धरून मीं अक्षरें गिरवून घेतलीं होतीं, त्याच्यासाठीं माझ्याजवळ एक ‘अरेरे’ निघाला. असें कां व्हावें? आमच्या जिल्ह्यांत अशा बातम्या इतक्या वर्षांपासून येत आहेत, कीं वाचणाराचें मन निबर झालें आहे. कोरडवाहू जमीन, पावसाचा लहरीपणा, कपाशीचा न परवडणारा भाव आणि डोईवर चढत जाणारें कर्ज, हीं कारणें आम्हांस पाठ आहेत. आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे मनुष्य पाहीनासा होतो.

तिसऱ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याच्या मुलानें पाण्याचा तांब्या पुढें ठेवला. त्याच्या पत्नीनें एक पिशवी आणली व म्हटलें, “गुर्जी, हे कागद वाचून द्या न जी.” आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास सरकारकडून १ लाख रुपयांचें साहाय्य मिळतें, परंतु त्याआधीं प्रकरण समितीपुढें जातें. जमीन कोणाच्या नांवें होती, कर्ज बँकेचें, सोसायटीचें कीं परवानाधारक सावकाराचें, हें पाहून प्रकरण ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ तें ठरतें. मीं सातबारा पाहिला, इतर कागद पाहिले. कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचें होतें. त्याचा कागदच नव्हता. पुढें कांहीं महिन्यांनीं तें प्रकरण अपात्र ठरलें.

त्या शब्दाचा मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली. कारण तोच निवाडा मीं त्या सकाळीं पान उलटतांना केला होता. कार्यालयानें निदान कागद तरी मागितले. मीं तेवढाही विलंब लावला नाहीं.

ह्याच यवतमाळ जिल्ह्यांत महागांव तालुक्यांत चिलगव्हाण नांवाचें गांव आहे. तेथील साहेबराव करपे ह्या शेतकऱ्यानें ता. १९ मार्च १९८६ रोजीं पत्नी व चार मुलांसह आपलें जीवन संपविलें. सबंध महाराष्ट्रास हादरविणारी शेतकरी आत्महत्येची ही पहिली घटना मानली जाते. पुढें ३१ वर्षांनीं, २०१७ सालीं, किसानपुत्र आंदोलनाच्या अमर हबीब ह्यांच्या पुढाकारानें त्या दिवशीं अन्नत्याग करण्याची प्रथा सुरू झाली. तेव्हांपासून दर १९ मार्चला गांवोगांवचीं व शहरांतलींही माणसें एक दिवस जेवत नाहींत. त्यांतील बहुतेकांनीं करपे ह्यांस पाहिलें नव्हतें. तरुण मंडळींचा तर १९८६ सालीं जन्मही झाला नव्हता. चिलगव्हाणच्या एका साध्या शेतकऱ्यासाठीं परक्यांच्या घरीं चूल विझते. आजीच्या तोंडून ऐकलेली १९४८ सालची ती थंड चूल मला येथें पुन्हा दिसली.

आपण विचाराल, मोठ्यांसाठीं रडूं नये, असें तुमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. उलट त्या अश्रूंनींच मला कळलें, कीं न भेटलेल्या माणसास घरचें मानण्याची शक्ति आपल्या अंतःकरणांत आहे. गायिकेचा आवाज रोज आपल्या घरीं येत होता म्हणून ती आपली झाली. मग ताटांतली तुरीची डाळ आणि अंगावरचें सुती वस्त्र रोज आपल्या घरीं कोणाकडून येतें? त्या माणसास आवाज नाहीं. त्याचें छायाचित्र पहिल्या पानावर येत नाहीं. परंतु ऋणाचा हिशेब मांडावयाचा म्हटलें, तर त्याचें नांव आपल्या वहींत बरेंच वर लागेल.

मी स्वतः फार कांहीं करूं शकत नाहीं. दर १९ मार्चला मी उपवास धरतों. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरीं जाऊन त्याच्या मुलाचें गणित पाहतों. बापाचे सतराच्या पाढ्यांत हमखास चुकत असे. मुलाचे चुकत नाहीं. परवा त्याची आई भाकरी करीत असतां मुलानें लहानसा रेडिओ लावला. योगायोगानें तोच आवाज लागला. त्या माउलीनें हात झटकून आवाज थोडा वाढविला, आणि मी वहीवर मान खालीं घालून बसलों.

आपल्या घरीं पुन्हा कधीं अशी मोठ्या माणसाच्या निधनाची वार्ता येईल. तेव्हां मोकळेपणानें रडा, त्याचें ऋण आठवा, आणि त्यानें जें शिकविलें त्यांतील एखादें काम हातीं घ्या. परंतु दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्राचें आंतलें पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि त्या चार ओळींतलें नांव एकदां मोठ्यानें वाचा. घरांतल्या मुलांच्या कानावर तें पडूं द्या.