आवाजाचा आकार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

व्यासपीठावरील गुरुजन आणि १९७८ च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

‘इतकी वर्षं मुंबईत तू नेमकं काय केलंस ते सांग,’ असं संयोजकांनी सांगितलंय. ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला आणि नंतर लोकांचे बिघडलेले की-बोर्ड दुरुस्त केले. झालं, एका वाक्यात संपलं. उरलेल्या वेळात, ज्या यंत्रावर माझा जीव जडला तो ॲनालॉग सिंथेसायझर आवाज कसा घडवतो ते दाखवतो. टेबलावर ठेवलाय तो त्याच कुळातला, लहान.

(पट्टी दाबली.) हा ऑसिलेटरचा कच्चा आवाज. लहर करवतीच्या दात्यांसारखी, आणि कानालाही तशीच लागते. या एका सुरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. वर जावं तसे ते क्षीण होतात. वाद्य घडवायचं म्हणजे यातलं नको ते काढून टाकायचं.

ते काम फिल्टरचं. हा कटऑफचा नॉब. तो जिथे ठेवाल त्याच्या वरचे उपस्वर अडतात. (नॉब फिरवला.) रॉबर्ट मूग यांच्या १९७० च्या मिनीमूगमध्ये त्यासाठी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचल्या होत्या. कटऑफच्या एक सप्तक वर गेलं की लहरीची उंची साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते.

असा फिल्टर तुमच्याकडेही आहे. सगळ्यांनी एकाच सुरात ‘आ’ म्हणा आणि सूर न सोडता ‘ऊ’ वर या. (सभागृहाने म्हटलं. प्रार्थनेपेक्षा बरं झालं.) सूर तोच, पण आवाज झाकोळला. कंठ ऑसिलेटर, तोंड फिल्टर. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवत उपस्वर उमलवणारे मिरजेचे कारागीर मला याच बिरादरीतले वाटतात. जाणकारांनी नाक मुरडलं तरी चालेल.

पण नुसत्या फिल्टरने वाद्य होत नाही. आवाज कसा उगवतो आणि कसा मावळतो ते एन्व्हलप ठरवतं. त्याचे चार नॉब. ॲटॅक म्हणजे शिखर गाठायला लागणारा वेळ, डिके म्हणजे तिथून खाली उतरण्याचा वेळ, आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरून जाण्याचा वेळ. मधला सस्टेन मात्र वेळ नव्हे, ती पातळी आहे. बोट पट्टीवर असेपर्यंत आवाज त्या पातळीवर टिकतो. नवशिके इथे हमखास अडखळतात. आपल्या प्रार्थनेच्या पेटीला सस्टेन भरपूर, भात्यात हवा असेपर्यंत. तबल्याच्या चाटीला तो शून्य.

सुरुवातीला किती महत्त्व आहे बघा. फ्रान्सच्या पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये घंटेच्या रेकॉर्डिंगमधला पहिला टोलाच कापून टाकला. उरलेला आवाज घंटेचा वाटेना, फुंकवाद्याचा वाटू लागला!

एन्व्हलप फिल्टरलाही जोडता येतं, म्हणजे प्रत्येक सुरागणिक कटऑफ आपोआप उघडतो आणि मिटतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा रागांची एलपी काढली. त्यातल्या टीबी-३०३ ला एन्व्हलपसाठी एक डिकेचा नॉब, शिवाय कटऑफ आणि रेझोनन्स. तेवढ्यावर रागांखाली खळाळता खर्ज चालतो. तेव्हा फार कोणी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगाला कळलं, की शिकागोतलं ॲसिड हाउस संगीत त्याच यंत्रावर गाजण्याच्या काही वर्षं आधी हे मुंबईत वाजून गेलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. आपण सगळ्यांनी साठी ओलांडली आहे, आणि वय वाढतं तसा कानाचा कटऑफ खाली येतो. गेल्या वर्षी मी कान तपासून घेतले. हातात आलेला आलेख २००० हर्ट्झपर्यंत सपाट होता, पुढे उतार. जन्मभर ज्याचे आलेख पाहिले तोच आकार, फक्त वर नाव माझं.

या उतारावर काय जातं? पाच, सात, आठ म्हणून बघा. तिन्हींत ‘आ’ आहे आणि तो खालच्या पट्ट्यातला, म्हणून मला स्पष्ट ऐकू येतो. पण ‘स’ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. ‘प’ आणि ‘ठ’ हे तर क्षणभराचे ॲटॅक. ते निसटले की कोणीतरी काहीतरी वाजता येणार आहे एवढंच कळतं. मग घरचे ओरडून बोलतात. ओरडणं म्हणजे व्हॉल्यूम वाढवणं. त्याने ‘आ’ आणखी मोठा होतो, ‘स’ जवळपास तिथेच राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यावर चिडलेत. आमच्या घरात यावरून बरीच भांडणं झाली. तुमच्याकडे होत नसतील तर आनंद आहे.

डाव्या कानात हे यंत्र बसवलंय. ते माझ्या आलेखाप्रमाणे नेमका वरचा पट्टा वाढवतं. त्यालाही ॲटॅक आणि रिलीज आहेत. स्वयंपाकघरात पातेलं पडलं की काही हजारांश सेकंदांत ते आवाज आवरतं आणि मग सावकाश सोडतं. कानातल्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे तरुणपणीचा कान परत मिळत नाही. पण सात आणि आठ वेगळे झाले.

या सिंथेसायझरला बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय आहे. माइक जोडून ठेवलाय. जेवणानंतर जोडीदाराला घेऊन या. तुम्ही बोला, मी कटऑफ २००० वर आणतो, आणि तुमचं बोलणं मला कसं ऐकू येतं ते त्यांना ऐकू द्या. आणि पंगतीत माझ्याशी बोलायचं असेल तर कृपया डाव्या बाजूला बसा.