खाऱ्या पाण्याची टाकी आणि बीडचा उन्हाळा : माशांचा श्वास कुठून येतो?

(भागाचे लिखित रूपांतर)

माजलगावच्या एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यात क्लाउन माशांची एक जोडी. दिवसभर मासे छान असतात, पण सकाळी बघावं तर दोघं वर येऊन तोंड उघडझाप करतात. ते विचारतात, “ताई, हवेचा पंप मोठा घेऊ का?”

माझं उत्तर आहे, थांबा. आधी पाण्याचा वरचा थर हलतोय का ते बघा.

आपल्याकडे शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. पहाटे मासे तोंड वर काढायला लागले की ते समजतात, पाण्यातली हवा संपत आली. रात्री उजेड नसतो, त्यामुळे शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. मासे, जिवाणू, शेवाळ सगळेच रात्रभर श्वास घेतात आणि उजाडायच्या आधी प्राणवायू सर्वांत कमी होतो. शेततळं असो की टाकी, नियम एकच.

आता थोडा हिशोब. ३० अंश तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात मावतो सव्वासहाच्या आसपास. म्हणजे मीठ असलं की कमी आणि पाणी तापलं की आणखी कमी. दोन फुटी टाकीत दगड आणि वाळू वजा जाता पन्नासेक लिटर पाणी धरा. त्यातला सगळा प्राणवायू मिळून होतो साधारण ३१० मिलिग्रॅम. आपण श्वास घेतो त्या साध्या हवेत लिटरमागे सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे बघा, अख्ख्या टाकीतला प्राणवायू जेमतेम सव्वा लिटर हवेत असतो तेवढाच! साठा असा काही नाहीच. सतत आत येत राहिला तरच मासे जगतात.

आत येतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. एअरस्टोनच्या बुडबुड्यांमुळे प्राणवायू मिळतो असं आपण म्हणतो, पण बुडबुडा पाण्यात असतो एक-दोन सेकंद. तो वर येताना पाणी वर ढकलतो आणि पृष्ठभाग हलवतो, खरं काम ते. खाऱ्या टाकीत बुडबुडे फुटले की मिठाचे तुषार उडतात आणि काचेवर, लाईटवर, प्लगवर पांढरा थर चढतो. म्हणून रोजच्या वापराला वेव्हमेकर बरा. एअर पंप घरात असू द्या, त्याचं काम पुढे सांगते.

वेव्हमेकर किती मोठा? मऊ प्रवाळ आणि क्लाउनसारखे मासे असतील तर तासाला टाकीच्या पाण्याच्या १० ते २० पट प्रवाह ठीक. म्हणजे ५० लिटरला ताशी ५०० ते १,००० लिटर. शक्य असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्या. एक डाव्या काचेवर, एक उजव्या, समोरासमोर पण थोडे तिरके. दोन्ही प्रवाह मध्ये भिडले की पाणी सगळीकडे फिरतं आणि माशाला सतत एकाच धारेशी झुंजावं लागत नाही. एकाचं तोंड जरा वर करा. पृष्ठभागावर लहर दिसली पाहिजे, कारंजं नको.

मग मेलेले कोपरे शोधा. खाद्याची चिमूट टाका आणि कण कुठे जाऊन बसतात ते बघा. बहुतेक वेळा दगडांच्या मागे बसतात. तिथे घाण साचते, ती कुजताना प्राणवायू खाते. दगड मागच्या काचेपासून चार बोटं पुढे घ्या, भिंतीसारखे न रचता कमानीसारखे रचा, म्हणजे पाणी आरपार जाईल.

आणखी दोन गोष्टी पटकन. पाण्यावर तेलकट साय दिसते का? ती हवा आणि पाणी यांच्यात आडवी येते. लहर नीट असली तर ती धरत नाही. धरलीच तर साधा कागद पृष्ठभागावर ठेवून उचला. दुसरं, झाकण. गच्च बसणारी काच काढा आणि बारीक जाळी लावा. मासे उडी मारत नाहीत आणि हवाही खेळती राहते.

आता उन्हाळा. मे महिन्यात बीडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. चिलर महाग पडतो. पण आपली हवा कोरडी आहे, हा इथे फायदाच. कूलर आणि माठ ज्या तत्त्वावर चालतात त्यावरच एक छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. मात्र पाणी रोज लिटर-दीड लिटर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, आरओच्या पाण्याची. बोअरचं घालू नका, आपल्याकडचं बोअर जड आहे. जारचं घेतलं तर टीडीएस मीटरने एकदा तपासा. आणि घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. टँकरच्या गावात राहून हा छंद करायचा तर एवढं भान ठेवावंच लागतं.

आता खरी परीक्षा, लाईट जाण्याची. परळीला औष्णिक केंद्र असलेला आपला जिल्हा, तरी लाईट जायची ती जातेच! वेव्हमेकर बंद, पंखा बंद, आणि साठा किती तो आपण आत्ताच पाहिला. इथे एअर पंप कामाला येतो. पॉवर बँकवर चालणारा छोटा पंप घ्या, किंवा १२ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी ५ वॉटचा पंप १० ते १२ तास आरामात ओढते. एअर पंपाच्या नळीला उलट पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर पंप थांबल्यावर पाणी नळीतून त्यात उतरू शकतं.

काहीच नसेल तर? झाकण उघडा, खाद्य बंद करा आणि साबण न लागलेल्या मगाने टाकीचंच पाणी वर घेऊन वीतभर उंचीवरून ओता. पाच-दहा मिनिटं, दर अर्ध्या-पाऊण तासाने. कंटाळवाणं आहे, पण मासे वाचतात. पाणी फार तापलं तर बंद बाटलीत बर्फ करून ती तरंगवा. तापमान हळूहळू उतरू द्या, एकदम नको.

लाईट आल्यावर घाई करू नका. बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद होता तर आतलं पाणी सडलेलं असतं. ते आधी ओतून टाका, मगच फिल्टर सुरू करा.

तर माजलगावच्या मित्रांनो, मोठा पंप आत्ताच घेऊ नका. वेव्हमेकर काढा, पाणी आणि व्हिनेगर निम्मेनिम्मे करून त्यात तासभर बुडवा. आतल्या पंख्यावर चुन्याचा थर बसला की प्रवाह कमी होतो, आणि तो हळूहळू कमी होतो म्हणून लक्षात येत नाही. नीट धुऊन लावा, तोंड वर करा, काच काढून जाळी लावा. नंतर दोन-तीन दिवस उजाडायच्या आत उठून बघा. मासे खाली, शांत दिसले तर काम झालं. तरीही वरच येत असतील तर अमोनिया तपासा, कल्ले बघा आणि मला कळवा. तेव्हा दुखणं वेगळं असेल.

तुमचेही प्रश्न पाठवत राहा. टाकीचं माप, पाण्याचं तापमान आणि मासे किती, एवढं नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.