मुरड घातलेली नावं

इंग्रजांचा ‘पाय’ हा पदार्थ भट्टीत भाजतात, आपली करंजी कढईत तळतात. पण पारीत सारण भरून कडा बंद करायची, ही कल्पना दोन्हीकडे एकच. आज मला या पदार्थांच्या नावांबद्दल बोलायचं आहे.

रस्त्याकडेला करंजाचं झाड दिसलं तर एक शेंग हातात घ्या. अर्धगोल, मधे फुगीर, टोकाशी बाकदार. करंजीचं नाव या शेंगेवरून आलं असं मानतात, आणि शेंग पाहिली की ते पटतं. कानवल्याचं नाव कानाशी जोडतात. दोन्ही नावं डोळ्यांनी ठेवलेली.

मुरडीचा कानवला मात्र हातानं नाव मिळवतो. साध्या करंजीची कड कातण्यानं कापली की काम झालं. मुरडीला तसं चालत नाही. चिमटीत कड धरायची, थोडी दुमडायची, पुन्हा पुढची चिमट घ्यायची; एक जरी सुटली तरी तेलात सारण बाहेर येतं. गौरी निघतात त्या दिवशी याच कानवल्यांचा नैवेद्य असतो, कारण मुरडणं म्हणजे मागं वळणंही. गौरीनं पुढच्या वर्षी पुन्हा वळून यावं, सासरी निघालेल्या लेकीनं माहेरी परतावं, ही इच्छा बायकांनी कणकेच्या कडेत घातली. मराठी स्वयंपाकातलं इतकं अर्थानं भरलेलं दुसरं नाव मला माहीत नाही.

समोशाचं नाव दुरून आलं. अकराव्या शतकात गझनीच्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या बैहकीकडे संबूसा सापडतो. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं मुहम्मद तुघलकाच्या मेजवानीत तो खाल्ला: आत खिमा, बदाम, पिस्ते, कांदा. अबुल फझल ‘आईन-इ-अकबरी’त लिहितो, की कुताब नावाच्या पदार्थाला हिंदुस्थानचे लोक संबूसा म्हणतात. बटाटा त्यात फार उशिरा शिरला. सारण पार बदललं, नाव टिकलं.

काही नावं मुद्दाम ठेवलेलीही असतात. आता आपल्याकडच्या बेकऱ्यांतही दिसणारा बॅनॉफी पाय 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका उपाहारगृहात जन्मला. बनाना आणि टॉफी जोडून त्याचं नाव केलं. पदार्थच काय, उल्हासनगर या शहराचं नावही असंच ठेवलेलं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत उतरली आणि 1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या उपस्थितीत छावणीचं शहर झालं. जुनं नाव मात्र बोलण्यातून गेलं नाही. लोक आजही कॅम्प नंबर चार, पाच असाच पत्ता सांगतात. त्या कुटुंबांसोबत होळीचा घीयर आला, आणि पापुद्र्यांत खवा भरलेली प्रागरीही. आमच्या साट्याच्या करंजीची ती सख्खी बहीण वाटते मला.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गोव्याची नेवरी, गुजरातचा घुघरा, उत्तरेची गुजिया शेजारी राहतात. तेव्हा घरच्या वहीत कृती उतरवताना वर नुसतं ‘करंजी’ लिहू नका. आजी तिला काय म्हणायची, ती कुठल्या गावची, आत ओलं खोबरं की सुकं, तेही लिहा.