नेमके बोलणे आणि सैल बोलणे



पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव घेऊन १९५२ साली ज्या गारगोटीत विद्यापीठ उभे राहिले, त्याच गारगोटीत आम्ही आज बोलण्याविषयी बोलणार आहोत. हे धाडसच आहे. पण मौन सर्वांनाच साधत नाही, आणि बोलायचेच म्हटले की गैरसमज आले.

माणसे दोन प्रकारची असतात. एक शब्दाला धरून बोलणारी, दुसरी शब्द सैल सोडणारी. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. शब्दाला धरून चालणारा पाहुणा ‘केव्हा येता?’ असे विचारील, तर घरची मंडळी हसतील. उलट ‘आलोच घटकाभरात’ असे सांगून गेलेला गृहस्थ दिवेलागणीला उगवला, तर घड्याळाकडे डोळे लावून बसलेला माणूस त्याला खोटारडा ठरवतो. पहिला दुसऱ्याला लबाड म्हणतो, दुसरा पहिल्याला किरकिऱ्या म्हणतो. आमच्या मते दोघेही अन्याय करतात.

सैल शब्द पोकळ नसतो. घटका ही एके काळी अगदी काटेकोर होती. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडीत, ती भरून बुडाली की एक घटका. आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे, आणि अशा साठ घटकांचा एक दिवस. वाटी गेली आणि शब्द तेवढा मागे राहिला. ‘हाकेच्या अंतरावर’ यात फूट नाहीत, पण एकट्यादुकट्याने जायला भीती नाही, एवढी खात्री त्यात आहे. ‘चार गुंठे आहेत’ असे म्हणणारा बहुधा मोजमाप सांगत नसतो, आपली बेताची स्थिती सांगत असतो. तलाठ्याच्या दप्तरी मात्र गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद, आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. शब्द एकच, पण बांधावर त्याचा अर्थ निराळा आणि कचेरीत निराळा.

ही दोन बोलणी एका टेबलाशी समोरासमोर आली की काय होते, त्याचा दाखला महाराष्ट्रात घरोघर आहे. पूर्वी मूल शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारीत. आई सांगे, ‘बेंदराच्या अलीकडं, रोपं लावायच्या आधी झाला.’ रजिस्टराला सण चालत नाही, त्याला तारीख लागते. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आईने खोटे सांगितले नाही, आणि गुरुजींचाही हेतू वाईट नव्हता. परंतु कागदावर चढलेली तारीख पुढे सहजी हलत नाही. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे या एकाच दिवशी सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची गर्दी उडत आली आहे. कुणाला नोकरीचे काही महिने जास्त मिळाले, कुणाचे बुडाले. ज्यांचे बुडाले त्यांच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला.

साक्षीदाराचेही तसेच. ‘दिवस कासराभर वर आला होता’ असे तो सांगतो. वकील म्हणतात, ‘किती वाजले होते?’ बिचारा भिडेखातर ‘आठ’ म्हणतो, आणि मग त्या आठावरून त्याची उलटतपासणी सुरू होते. जे त्याने पाहिले ते खरे होते. जे त्याच्याकडून वदवून घेतले तेवढेच डळमळीत होते.

मग वाकावे कुणी? आम्ही म्हणतो, ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने आधी वाकावे. कारण गैरसमजाची किंमत बहुधा सांगणाराच मोजतो, लिहिणारा मोजीत नाही. जनगणनेच्या कामात वय काढण्याची एक जुनी रीत आहे. आकडा येत नसेल तर ठळक घटना विचारावी. संस्थान विलीन झाले तेव्हा, म्हणजे १९४९ च्या मार्चात, तुम्ही चालत होता का? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, १९६७ च्या डिसेंबरात, थोरला पोटात होता की मांडीवर? असे विचारले की सैल बोलणाऱ्यापाशी केवढा नेमकेपणा साठलेला असतो, ते कळते.

सैल बोलणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. उसने पैसे, जमिनीचा बांध, औषधाची मात्रा आणि लग्नाची बोलणी, या चार ठिकाणी ‘बघू’, ‘थोडेसे’, ‘दोन-चार दिवसांत’ हे शब्द घरी ठेवून यावे. आणि आकडा ठाऊक नसेल तर ‘नक्की ठाऊक नाही’ असे सांगावे. तेही नेमकेच बोलणे आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

बाकी ओटीवर, पारावर आणि बाजारात आपली भाषा खुशाल सैल राहू द्या. पाहुणा ‘येतो’ म्हणाला, तर त्याला तारीख विचारू नका. ‘या’ एवढेच म्हणा.