आधी तार, मग बस

अमेरिकेतील गावांतून सकाळी उजाडण्याच्या सुमारास पिवळ्या बसगाड्या फिरू लागतात. हा रंग १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडातही गाडीवरील काळी अक्षरे दुरून वाचता यावीत, हा त्यामागील हेतू. आज अशा गाड्यांची संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास आहे आणि दोन कोटींहून अधिक मुले त्यांतून रोज शाळेला जातात-येतात. यांतील बहुतेक गाड्या डिझेलवर चालतात. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला आहे. शाळेच्या दारी इंजिने चालू ठेवून उभी असलेली गाड्यांची रांग आणि तिच्या कडेने चाललेली सहा-सात वर्षांची मुले डोळ्यांसमोर आणली, म्हणजे विजेच्या बसचा आग्रह तेथे का धरला जातो, हे निराळे सांगावे लागत नाही.

या गाड्यांची जबाबदारी ज्या संस्थेकडे असते, तिला तेथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपल्याकडील महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. एखाद्या गावाच्या वा परगण्याच्या शाळा चालविणारे ते एक स्वतंत्र मंडळ असते आणि त्याचे सभासद बहुधा लोकांनी निवडून दिलेले असतात. डिझेलच्या बसपेक्षा विजेच्या बसची किंमत दुपटीहून अधिक पडते. तेव्हा या मंडळांना हातभार म्हणून २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पाच अब्ज डॉलरांची तरतूद केली. पैशाचा प्रश्न असा काहीसा सुटला. परंतु पैसा हा या कामातील सर्वांत अवघड भाग नव्हेच.

मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी परगण्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. सुमारे चौदाशे बसगाड्या बाळगणाऱ्या या मंडळाने २०२१ साली चार वर्षांत ३२६ विजेच्या बस घेण्याचा करार मंजूर केला. गाड्या, चार्जर आणि वीज यांची व्यवस्था कंपनीने पाहावी व मंडळाने ठरलेले शुल्क द्यावे, अशी ती योजना. कल्पना चांगलीच होती. पण गाड्या वेळेवर आल्या नाहीत, आणि मुलांना तर शाळेत पोहोचविणे भागच होते. त्यामुळे मधल्या काळात मंडळाला डिझेलच्याच गाड्या विकत घ्याव्या लागल्या. परगण्याच्या महानिरीक्षकांनी २०२४ साली यावर अहवाल दिला. ज्या धुरातून सुटण्यासाठी हा खटाटोप होता, तोच धूर पुढील कित्येक वर्षांसाठी पुन्हा पदरी पडला!

मग योजना आखायची ती कोठून? बसच्या कारखान्यातून नव्हे, तर आगारात येणाऱ्या विजेच्या तारेपासून. शंभर बसगाड्यांचे आगार घेऊ. सायंकाळी सर्व गाड्या परतल्या आणि प्रत्येकीला ६० किलोवॉटचा चार्जर एकाच वेळी जोडला, तर एकदम सहा हजार किलोवॉटची मागणी उभी राहते. ती भागविण्यास नवे रोहित्र हवे, जाड केबल हवी, आणि वीज कंपनीकडून हे सारे होण्यास वर्ष-दोन वर्षे सहज जातात. शिवाय मोठ्या ग्राहकाला केवळ वापरलेल्या विजेचेच नव्हे, तर महिन्यातील कमाल मागणीचेही पैसे मोजावे लागतात. आता दुसरी बाजू पाहा. बॅटरीची क्षमता २२६ किलोवॉट-तास आहे आणि दिवसभरात तिच्यातील निम्मी वीज खर्च झाली, असे धरू. रात्रीच्या दहा तासांत पाळीपाळीने ती भरून काढली, तर तेच काम साधारण साडेअकराशे किलोवॉटमध्ये भागते. मागणी पाचव्या हिश्शावर येते, ती केवळ वेळापत्रकाच्या बळावर. गाडीची मागणी नोंदविण्याआधी वीज कंपनीच्या अभियंत्याशी बोलणी व्हावयास हवीत ती यासाठी.

मार्गांचाही विचार हवा. अशी बस एका चार्जिंगमध्ये दोनशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. बहुतेक फेऱ्यांना एवढे पुरून उरते. पण कडाक्याच्या थंडीत बॅटरीतील पुष्कळशी वीज डबा ऊबदार ठेवण्यातच जाते आणि पल्ला घटतो. काही ठिकाणी तर विजेच्या बसमध्ये तापविण्यापुरता डिझेलचा हीटर बसवावा लागला आहे. ही तडजोड शुद्धतावाद्यांना रुचणार नाही, पण गारठलेल्या मुलांना ती रुचते. म्हणून पहिल्या गाड्या जवळच्या, सपाट मार्गांवर घालाव्या आणि डोंगराळ, लांबचे मार्ग एखादा हिवाळा पाहून मगच हाती घ्यावे. ग्रामीण भागात आणखी एक अडचण असते. तेथे कित्येक चालक रात्री बस स्वतःच्या दारी उभी करतात, आणि तिथे चार्जर कोठून असणार? एकेका चालकाला विचारून केलेली यादी येथे मोठ्या अहवालाहून उपयोगी पडते.

सरकारी मदतीची एक अट मात्र सावधपणे वाचावी लागते. पहिल्या फेरीत, जुन्या डिझेल गाडीच्या बदल्यात नवी हवी असेल, तर जुनीच्या इंजिनाला तीन इंचांचे भोक पाडून ती कायमची निकामी करण्यास सांगितले होते. हेतू योग्यच, नाहीतर तीच गाडी दुसऱ्या गावी धूर ओकत फिरली असती. पण भोक पडलेले इंजिन पुन्हा चालत नाही. कॅनडातील लायन इलेक्ट्रिक या बस बनविणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागितले, तेव्हा तिच्या गाड्या घेतलेल्या मंडळांपुढे सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी अटीबाहेरच्या चार जुन्या गाड्या राखून ठेवल्या होत्या, त्यांच्या मुलांची शाळा चुकण्याचे कारण नव्हते.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे हे काम २०२४ साली तडीस गेले. तेथील सर्व ७४ बस विजेवर आल्या आणि उभ्या असताना बॅटरीतील वीज शहराच्या तारांत परत देण्याचीही सोय झाली. शाळेची बस सकाळी दोन-तीन तास आणि दुपारी तेवढीच धावते. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे विजेची मागणी शिगेला पोहोचते तेव्हा, ती आगारात स्वस्थ उभी असते. ओकलंडला मदत झाली ती हवामानाची, आणि संख्येचीही: तेथील बस मुख्यतः विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी आहेत. मॉन्टगोमेरीच्या चौदाशेंपुढे ७४ हा आकडा लहानच, पण तेथे गाडी आली तेव्हा तिच्यासाठी तार येऊन थांबलेली होती.